वर बघा, वसंत आलाय! सुरतकरांसाठी रानफुलांचं पंचांग



मार्च उजाडला की आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अमेरिकेतून फोटो यायला लागतात. कुणाची मावशी, कुणाचा आत्येभाऊ कॅलिफोर्नियात असतो आणि ज्या वर्षी पाऊस चांगला झालेला असतो, त्या वर्षी ही मंडळी अँझा-बोरेगोसारख्या वाळवंटी उद्यानात फुलं बघायला जातात. एरवी ओसाड असलेल्या जमिनीवर जांभळ्या-पिवळ्या फुलांचा गालिचा! फोटो बघून आपली मुलं हमखास विचारतात, "आपल्याकडे असं काही का नसतं?"

असतं. फक्त आपण खाली बघतो आणि आपला वसंत वर असतो.

यामागचं कारण साधं आहे. कॅलिफोर्नियाच्या त्या वाळवंटात बराचसा पाऊस हिवाळ्यात पडतो. थंडी ओसरली की जमिनीत ओल असते आणि वर ऊन असतं. मातीत झोपलेलं बी जागं होतं आणि उन्हाळा तापायच्या आत फुलून मोकळं होतं. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. म्हणून आपल्या जमिनीवरची रानफुलं श्रावण-भाद्रपदात येतात. फाल्गुनात जमीन कोरडी ठणठणीत, गवत वाळलेलं. या दिवसांत फुलायची ताकद असते ती फक्त मोठ्या झाडांमध्ये. त्यांची मुळं खोलवरच्या ओलीपर्यंत पोचलेली असतात. पाणी वाचवायला ती आधी पानं गाळतात आणि मग उघड्या फांद्यांवर फुलतात. पानांचा आडोसा नसल्यामुळे फुलं पाखरांना लांबून दिसतात. शेंगा उन्हाळ्यात पिकतात आणि पहिला पाऊस येतो तेव्हा बी रुजायला तयार असतं. एकूण हिशेब चोख आहे.

त्यामुळे आपल्याकडे वसंतातली रानफुलं बघायची म्हणजे झाडं बघायची. आणि सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. आपले सण ओळीने डोळ्यांसमोर आणले तरी कुठे, कधी जायचं ते ठरतं.

होळीच्या आधी: पळस

पळसाचा बहर साधारण फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि मार्चमध्ये भराला येतो. बघायची सर्वांत सोपी जागा म्हणजे आपलीच गाडी! उधना, बारडोली, व्यारा, सोनगड, उकाई, नवापूर, नंदुरबार हा तापी काठचा रेल्वेमार्ग आपल्यातल्या कितीतरी खानदेशी कुटुंबांना पाठ आहे. लग्नकार्याला, सणावाराला याच गाडीने आपण अमळनेर-जळगावकडे जातो. पण बहुतेक वेळा रात्रीची गाडी पकडतो, किंवा दिवसा असलो तर डोळे मोबाइलमध्ये असतात. या वर्षी एकदा सकाळची गाडी धरा आणि मुलांना खिडकी द्या. व्यारा मागे पडलं की टेकड्या सुरू होतात. त्यांच्या उतारांवर, शेतांच्या बांधांवर निखारे ठेवल्यासारखी झाडं दिसतात. तो पळस. नवापूर स्थानक तर स्वतःच एक गंमत आहे. अर्धा फलाट गुजरातमध्ये, अर्धा महाराष्ट्रात! मुलांना ते दाखवायला विसरू नका.

पळसाचं फूल जवळून बघा. वाकडी पाकळी थेट पोपटाच्या चोचीसारखी असते. म्हणून संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे "हा पोपट तर नव्हे?" फुलाला म्हणावा तसा वास नाही, कारण त्याचे पाहुणे वासावर येत नाहीत, रंगावर येतात. सकाळी झाडाखाली दहा मिनिटं शांत उभं राहा. शिंजीर, साळुंक्या, बुलबुल मधासाठी ये-जा करताना दिसतील. क्वचित एखादं झाड पिवळ्या फुलांचंही सापडतं. दिसलं तर भाग्य समजा.

"पळसाला पाने तीनच" ही म्हण घरात ऐकलेली असेल. कुठेही जा, परिस्थिती सारखीच, असा तिचा अर्थ. पण होळीच्या सुमारास पळसाला ती तीनही नसतात, सगळी गळून गेलेली असतात! हीच पानं एरवी पत्रावळीला कामाला येतात. पळसाच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसतात. ज्या झाडाला आपण नुसतं शोभेचं समजतो, ते खेड्यात असं बारमाही कामाचं असतं.

पळसाच्याच आगेमागे दोन लाल सोबती फुलतात. काटेसावर, म्हणजे शाल्मली, मोठ्या जाड पाकळ्यांची. तिचं फूल झाडावरून धप्पकन पडतं आणि एप्रिल-मेमध्ये तिची बोंडं फुटून कापूस उडतो. दुसरा पांगारा, लालभडक आणि काटेरी. मुलांना तिघांतला फरक ओळखायचा खेळ द्या. चोचीसारखं ते पळस, वाटीसारखं ते सावर आणि लांबट पाकळ्यांचा झुपका तो पांगारा.

एक दिवसाची सहल: डांग

गाडीच्या खिडकीतून समाधान झालं नाही, तर एक रविवार डांगसाठी काढा. जायला मार्च बरा.

सुरुवात वघईच्या बोटॅनिकल गार्डनपासून करा. सुमारे २४ हेक्टरचं हे उद्यान आहे. इथे झाडांची नावं कळतात, त्यामुळे पुढे जंगलात गेल्यावर "ते काय, ते काय" असं होत नाही. वघईजवळच वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे. अंबिका नदीच्या काठचं हे जंगल पूर्वी वांसदा संस्थानच्या राजाचं होतं, १९७९ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ जेमतेम २४ चौरस किलोमीटर, पण साग, बांबू आणि उंच झाडांची दाटी मोठी. आणखी आत जायचं असेल तर महाल. तिथलं पूर्णा अभयारण्य १९९० मध्ये घोषित झालं आणि ते सुमारे १६० चौरस किलोमीटरचं आहे. महालला वनविभागाची राहायची सोय आहे. प्रवेश आणि मुक्काम दोन्हीसाठी वनविभागाकडे आधी चौकशी करूनच निघा.

बिलिमोरा ते वघई अशी ६३ किलोमीटरची छोट्या रुळांची गाडी १९१३ मध्ये गायकवाडांच्या बडोदा संस्थानच्या काळात सुरू झाली. ती चालू आहे का आणि किती वाजता आहे, हे आधी पाहून घ्या. चालू असेल तर आजी-आजोबांसह जावं असा तो प्रवास आहे. गाडी इतकी सावकाश जाते की झाडं मोजता येतात.

होळीच्या तोंडावर आहव्याला डांग दरबार भरतो. डांगच्या भिल्ल राजांचा तिथे सरकारतर्फे मान होतो आणि त्यांना सालियाना दिला जातो. त्याचं मूळ या जंगलातच आहे. १८४२ मध्ये इंग्रजांनी सागवानासाठी या राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं होतं. म्हणजे डांगचं रान कधीच "कुणाचंच नाही" असं नव्हतं. ही गोष्ट पुढच्या झाडाखाली उभं राहताना लक्षात ठेवायची आहे.

पाडव्याच्या सुमारास: मोह

गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाचा कोवळा पाला आणि फुलोरा गुळाबरोबर खातो. ती बारीक पांढरी फुलं सोसायटीच्या आवारातही मिळतील. पण त्याच दिवसांत डांगमध्ये आणि सातपुड्यात मोह फुलतो आणि तो बघायला पहाटे पोचावं लागतं.

मोहाचं फूल झाडावर फारसं दिसत नाही. ते रात्री उमलतं आणि पहाटेपासून टपटप गळायला लागतं. मातकट पांढरं, गुबगुबीत, गोड, द्राक्षाएवढं. उजाडायच्या आत बायका आणि मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली आलेली असतात. गोळा केलेली फुलं उन्हात वाळवून वर्षभर वापरतात, काही विकतात. नंतर फळांच्या बियांचं तेल काढतात. एका मोठ्या झाडाखालची फुलं म्हणजे एका घराचा हंगामाचा आधार. अनेक गावांत कोणतं झाड कोणत्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही गौण वनउपज गोळा करून विकण्याचा जंगलवासीयांचा हक्क मान्य केला आहे.

म्हणून मोहाखाली जाताना आपण कुणाच्या तरी खळ्यावर जातो आहोत असं समजा. फुलं तुडवू नका. पिशवी भरून आणू नका. चाखायची असतील तर विचारा. "मावशी, एक घेऊ का?" एवढं पुरतं, आणि बहुतेक वेळा ओंजळभर हातावर पडतात. डांगी बोली मराठीच्या आणि आपल्या अहिराणीच्या जवळची आहे. घरातल्या आजीने दोन वाक्यं बोलून बघावीत, लगेच ओळख निघते. मुलांना तेव्हा कळेल की आजीची भाषा फक्त घरापुरती नाही, ती जंगलातही चालते.

आणखी एक गंभीर गोष्ट. या दिवसांत पाचोळा वाळून कुरकुरीत झालेला असतो. फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे आणि ती आग कधी कधी पसरते. तिथे बाहेरून आलेल्यांच्या विडी-सिगारेटची, चुलीची भर पडायला नको. डब्यात जेवण न्या. जंगलात काहीही पेटवू नका.

धुळवड-रंगपंचमी: केसूडो

पळसाचं फूल गुजरातीत केसूडो. होळीच्या आधी सुरतेच्या बाजारात, जडीबुटीच्या दुकानांत वाळलेला केसूडो मिळतो. रात्री गरम पाण्यात भिजत घाला किंवा थोडा उकळा, सकाळी कपड्याने गाळा. केशरी-पिवळा रंग तयार. उन्हाळा बाधू नये म्हणून या पाण्याने लहान मुलांना आंघोळ घालण्याची रीत गुजरातमध्ये आहे. मंडळाच्या रंगपंचमीला एक पिंप या रंगाचं ठेवायला काय हरकत आहे? ताजी फुलं आणायची असतील तर जमिनीवर पडलेलीच उचला. फांदी मोडली की पुढच्या शेंगा गेल्या आणि पाखरांचा मधही गेला.

आखाजीला: बहावा

अक्षय्य तृतीया म्हणजे आपली आखाजी. माहेरवाशिणी घरी यायचे दिवस, झोके, आंब्याचा रस. त्याच सुमारास, एप्रिलअखेर आणि मेमध्ये, बहावा फुलतो. झुंबरासारखे पिवळेधमक घोस खाली लोंबतात. गुजरातीत हा गरमाळो. केरळात विशूच्या सणाला हीच फुलं लागतात आणि बहाव्याचं फूल त्या राज्याचं राज्यपुष्प आहे. यासाठी सहलीचीही गरज नाही. सुरतेतल्या बागांत आणि रस्त्यांच्या कडेला बहावा लावलेला आहे आणि गावी जाताना धुळे महामार्गाच्या आजूबाजूलाही नजर ठेवा. गुलमोहरही याच वेळी फुलतो. तो मात्र मादागास्कर बेटावरून आलेला पाहुणा. बहावा इथलाच.

खऱ्या वाळवंटात जायचं असेल तर

मुलांना वाळवंटच बघायचं असेल, तर मार्चमध्ये चार दिवस काढून राजस्थानात जा. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेलं मरू राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे. त्याची ओळख माळढोक पक्ष्यामुळे. पण मार्चमध्ये तिथल्या परिसरात रोहिडा फुललेला असतो. हे राजस्थानचं राज्यपुष्प. झाड वेडंवाकडं, रंगाने राखाडी, आणि त्यावर पिवळ्या, केशरी, लाल घंटांसारखी फुलं. त्याच्या लाकडाला मारवाडचा साग म्हणतात आणि त्या लाकडापायीच रोहिड्यावर कुऱ्हाड चालत आली आहे. जोडीला केर दिसेल, आपल्याकडची नेपती. तिला पानं जवळजवळ नसतात, लालसर फुलं येतात आणि हिरव्या फळांचं लोणचं होतं. आणि खेजडी, म्हणजे दसऱ्याला जिचा मान असतो ती आपली शमी. तिचे पिवळसर बारीक तुरे वसंतातच येतात. १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडली गावात याच झाडांना मिठी मारून अमृतादेवी आणि तिच्यासोबत बिष्णोई समाजातल्या माणसांनी प्राण दिले. मृतांची संख्या ३६३ सांगितली जाते. ही गोष्ट मुलांना त्या झाडाच्या सावलीत सांगण्यासारखी आहे.

राजस्थान लांब वाटत असेल तर कच्छ आहे. सुरतेहून भुजला थेट गाडी जाते. पण एक लक्षात घ्या. पांढरं रण म्हणजे मिठाचा पसारा, तिथे फुलं नसतात. फुलांसाठी नारायण सरोवर अभयारण्याच्या बाजूचं काटेरी रान बघा. केरडो, खीजडो, कुठे कुठे रोहीडो भेटेल. वाटेत मैलोन्‌मैल एकच हिरवं झुडूप दिसेल ती वेडी बाभूळ, गुजरातीत गांडो बावळ. ही मूळ अमेरिका खंडातली. १९६० च्या दशकात बन्नीच्या गवताळ भागात ती मुद्दाम लावली गेली आणि मग तिने गवत आणि इथली झाडं हटवून जागा बळकावली. दुरून हिरवं दिसतं ते सगळंच चांगलं असतं असं नाही, हा धडा पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजतो.

आणि गालिचा? तो श्रावणानंतर

जमिनीवरच्या फुलांचा हट्ट असेल तर कानबाई ते नवरात्र हे दिवस राखून ठेवा. सापुतारा आणि आहव्याजवळचं डॉन, किंवा नंदुरबारकडे जाणं होत असेल तर तोरणमाळ. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, कवला, रानहळद सगळं हाताशी. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी कळलावी दिसली तर फोटो काढा, पण हात लावू नका. ती विषारी आहे. साताऱ्याच्या कास पठाराचा हंगाम साधारण सप्टेंबरचा. २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. तिथे गर्दीवर मर्यादा आहे, आधी नोंदणी करूनच जा. अशा मर्यादांचा राग मानू नका. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये वॉकर कॅन्यन नावाच्या ठिकाणी पॉपीच्या फुलांत बसून फोटो काढायला इतकी माणसं लोटली की वाट काही काळ बंद करावी लागली. फूल पायाखाली गेलं की त्याचं बीही गेलं, पुढच्या वर्षीचं.

निघण्यापूर्वी

सकाळी लवकर निघा, अकराच्या आत झाडाखालचं बघून घ्या. टोप्या, भरपूर पाणी, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. दुर्बीण असेल तर उत्तम. कचरा परत आणायची पिशवी हवीच. गाण्याचे स्पीकर घरी ठेवा. आणि तारखेचा हट्ट धरू नका. बहर दर वर्षी आठ-पंधरा दिवस पुढेमागे होतो. डांगमध्ये ओळखीचं कुणी असेल तर आधी फोन करून विचारा.

नावं जपू या

शेवटी मुलांसाठी, आणि खरं तर आई-बाबांसाठीही. शाळेत तुम्ही या झाडांची इंग्रजी नावं शिकता, मित्रांकडून गुजराती ऐकता. मराठी नाव मात्र आजी-आजोबांबरोबर संपत चाललंय. तिन्ही नावं सुखाने एका घरात राहू शकतात. निदान मराठी-गुजराती जोड्या पाठ करा: पळस – खाखरो, काटेसावर – शीमळो, पांगारा – पानरवो, मोह – महुडो, बहावा – गरमाळो, कडुनिंब – लीमडो, शमी – खीजडो, नेपती – केरडो. ज्याचं नाव माहीत असतं ते रस्त्यात दिसतं. ज्याचं नाव माहीत नसतं ते झाड रस्तारुंदीत गेलं तरी कुणाला कळत नाही.

आणि एक काम करा. घराजवळचं, शाळेच्या वाटेवरचं कुठलंही एक झाड निवडा. पहिली कळी कधी दिसली, झाड पूर्ण कधी फुललं, पानं कधी आली, एवढंच एका वहीत तारखेसह लिहा. दर वर्षी, त्याच झाडाचं. देशभरात 'सीझनवॉच' या उपक्रमात शाळांतली मुलं आणि हौशी लोक अशाच नोंदी करतात, कारण हवामान बदलतंय तसे बहर सरकतात का, हे अशा साध्या वह्यांवरूनच कळतं. आपल्या आजोबांनी अशी वही ठेवली असती, तर उधन्याचा पळस पन्नास वर्षांपूर्वी कधी फुलायचा हे आज आपल्याला सांगता आलं असतं. पन्नास वर्षांनी कुणीतरी हाच प्रश्न विचारेल. तेव्हा उत्तर तुमच्या वहीत असू द्या.